दफेदारमामांच्या एकोणीस बंदुका

आमच्या गल्लीत बाकीच्या घरांसमोर सांडगे वाळत, दफेदारमामांच्या घरासमोर बंदुका. दर रविवारी सकाळी मामा बाजेवर जुनं लुगडं पसरत आणि एकोणीस बंदुका ओळीनं उन्हात मांडत. तिथे कावळा फिरकत नसे, म्हणून शेजारच्या बायका आपले सांडगे बाजेच्या कडेला आणून ठेवीत. मामांची हरकत नव्हती. फक्त बंदुकीला तिखट लागता कामा नये. "अष्टे," ते कानडीत म्हणत, म्हणजे एवढंच.

मामा महाराजांच्या घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. बंदुका त्यांनी जमवल्या नव्हत्या, त्या येत गेल्या. जवळच्या येलवाल गावात कुणी शिकारी वारला की त्याची बायको त्याची ठासणीची बंदूक मामांच्या ओट्यावर ठेवून जाई, आणि मामा त्या बंदुकीला घरात घेत. निम्म्यांचे घोडे मोडलेले, बाकीच्यांतही चालती एखादीच. तरी रोज सकाळी प्रत्येकीला तेलाचा बोळा फिरे.

श्रावणात मामी वारल्या. मूलबाळ नव्हतं. मामा ओट्यावर बसून बंदुकांशी बोलू लागले. मग एके दिवशी गल्लीत बैलगाडी आली. बरोबर इन्स्पेक्टर, चार शिपाई आणि एक सरकारी डॉक्टर. कुणीतरी निनावी अर्ज केला होता : या गृहस्थांचं चित्त ठिकाणावर नाही, यांच्या हाती हत्यार ठेवू नये. मी शाळामास्तर म्हणून मला पंच केलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि विचारलं, "आज वार कोणता?"

"तुम्ही आलात, म्हणजे रविवार नाही. सरकारी माणूस रविवारी येत नाही."

"बंदुका तुमच्याशी बोलतात?"

"नाही. मी बोलतो, त्या ऐकतात. मामी होती तेव्हा उलट होतं."

"कुणाला मारावंसं वाटतं?"

मामांनी इन्स्पेक्टरकडे जरा वेळ पाहिलं. "अजून नाही."

डॉक्टरांनी बरंच काही लिहून घेतलं. शिपाई बंदुका उचलू लागले, तोच मामा ओरडले, "अय्यो! नळी धरून फरफटवता? गाय आहे का ती?" त्यांनी चौघांना ओळीत उभं केलं, बंदूक खांद्याला कशी लावायची ते दाखवलं आणि पावलं मोजत गाडीपर्यंत पाच फेऱ्या करवल्या. इन्स्पेक्टरसाहेब बाजूला सरळ उभे राहिले. जप्ती त्यांची होती, पण हुकूम मामांचे चालले होते.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. बायका त्या अर्जवाल्याला शिव्या देत आपापल्या घरी गेल्या. मामा रिकाम्या ओट्यावर बसले. मी म्हणालो, "मामा, अर्ज कुणी केला ते मी शोधून काढतो."

"नको, मास्तर. मीच केला."

मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलो.

"मामी गेल्यापासून सकाळी पुसायला बसतो," ते म्हणाले. "अठरा पुसून खाली ठेवतो. माझी घोडदळातली तेवढी चालती आहे. ती हातात आली की खाली ठेवावीशी वाटत नाही. मामीकडे जावंसं वाटतं. मागे एकदा फार वेळ खाली ठेवलीच नाही. मग भिऊन अर्ज लिहिला."

"अहो, मग माझ्याकडे द्यायच्या!"

"तुमच्याकडून परत मागून घेतल्या असत्या. सरकार परत देत नाही."

 मी उठलो आणि म्हणालो, "जेवायला चला."

मामा आत गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी दारातून डोकावलो. ते आरशासमोर फेटा बांधत होते. दोन घरं ओलांडून जायचं, तर त्यांनी कोट घातला, बटणं लावली.

ते खाली मान घालून जेवले. भात दोनदा घेतला. हात धुताना माझ्या बायकोला हळूच म्हणाले, "ताई, उद्या..." आणि थांबले.

ती पदराला हात पुसत म्हणाली, "उद्या सारू-भात आहे. गरम असतानाच या."