कोरडवाडीचा समुद्र

कोरडवाडी हे गाव समुद्रापासून साडेचारशे किलोमीटर अंतरावर आहे, ही बाब मे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत शासनालाही मान्य होती.

सोनपेठहून एसटीनं पाऊण तास गेलं की गोदावरीच्या काठाला हे गाव लागतं. त्या आठवड्यात एका किनाऱ्यावरच्या शहराला मोठं चक्रीवादळ धडकलं होतं. तिथं बोटी उचलून रस्त्यावर फेकल्या गेल्या, खांब आडवे झाले, अर्धं शहर अंधारात गेलं. कोरडवाडीनं हे सगळं चार दिवस टीव्हीवर बघितलं आणि हळहळ व्यक्त केली. किनाऱ्यावर उरलेला वारा मग फिरत फिरत परभणी जिल्ह्यात आला आणि वीस तारखेला चहाच्या वेळेला मालनबाईच्या घरावरचे अकराच्या अकरा पत्रे घेऊन गेला. आठ पत्रे सरपंच लिंगराजअप्पांच्या उसात घडी होऊन सापडले. तीन अजून सापडले नाहीत. बाकीच्यांच्या पत्र्यांवर दगड मोठे होते, म्हणून ते वाचले.

मृग अठरा दिवसांवर आला होता. मालनबाई एकटी बाई. चार भिंती शाबूत होत्या, वर आभाळ होतं. तिनं बुद्धाची तसबीर आणि पिठाचा डबा शेजारणीकडं ठेवला आणि तलाठ्याला निरोप धाडला.

तलाठी बुद्धभूषण हा तरुण, सरळ आणि स्वतःच्या पैशानं चहा पिणारा माणूस होता. त्याच्या पदाचं नाव अलीकडं ग्राम महसूल अधिकारी असं झालं होतं. त्यामुळं शिक्का मोठा झाला, बाकी काही बदललं नाही. तो आला, त्यानं भिंतींचे फोटो काढले.

"जय भीम, मावशी. काळजी करू नका. पंचनामा केला की पत्रे आलेच समजा."

"मृगाच्या आत येतील का, लेकरा?"

"आत म्हणजे काय, लय आधी येतील," बुद्धभूषण म्हणाला. त्याला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पंचनामा मोबाईलवरच्या ॲपमध्ये करायचा होता. 'अवकाळी व वादळी वारा' या सदराची मुदत मार्चअखेर संपलेली होती. नैसर्गिक आपत्तींपैकी चालू स्थितीत फक्त 'चक्रीवादळ (किनारी)' हे एकच सदर होतं. वारा त्याच वादळाचा होता, हे हवामान खात्यानंही सांगितलेलं होतं, म्हणून बुद्धभूषणनं तेच निवडलं. पहिला प्रश्न आला: समुद्रापासूनचं अंतर. त्यानं प्रामाणिकपणे ४५० लिहिलं.

ॲपनं उत्तर दिलं: "अंतर जास्त आहे. कृपया अंतर कमी करून पुन्हा प्रयत्न करा."

तो तालुक्याला गेला. नायब तहसीलदार महारुद्र साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाईल बघितला.

"कमी करा म्हणायलंय ना? मग करा की."

"साहेब, समुद्र तिथंच हाय. अंतर कसं कमी करू?"

"हे बघा, समुद्र हलवायचे अधिकार आपल्याला न्हाईत. ते वरच्या कार्यालयाचं काम हाय. अंतर मात्र आपल्या नोंदीचा विषय हाय. किती चालतंय त्याला?"

"पाचच्या आत."

"मग चार लिहा. अन् आपद्ग्रस्ताचा समुद्रासोबत फोटो जोडा. उगं फायलीला फाटे फोडू नका, त्या बाईचा पावसाळा जाईल."

शेवटचं वाक्य बुद्धभूषणला लागलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं चार लिहिलं आणि मालनबाईला घेऊन गोदावरीच्या पात्रात गेला. मे महिन्यातलं पात्र. पाणी नव्हतं, पण ज्या पट्ट्यातली वाळू अजून ट्रॅक्टरांच्या नजरेतून सुटली होती तिथं ती छान पसरलेली होती. मालनबाई पदर डोक्यावर घेऊन वाळूत उभी राहिली. गावाचे नेहमीचे पाच पंच हॉटेलात बसूनच सह्या करत असत. त्यांनी दाखला दिला की, सदर वाळूच्या पुढे समुद्र असावा असे आम्हास वाटते.

ॲपनं हिरवी खूण दाखवली. कोरडवाडी किनारी गाव झालं.

पुढचा प्रश्न नुकसानीचा होता. पर्याय तीन होते: बोट, जाळी, मासळी सुकवायचा ओटा. पत्र्यांचा पर्याय नव्हता. चौथा पर्याय 'इतर' असा होता, पण तो दाबला की ॲप विचारायचं, "इतर कोणती बोट?"

"मावशी, बोट लिहू का? बोट मंजूर झाली की तिच्या बदल्यात पत्रे मिळतात का बघतो."

"माझे पतरं गेलेत. बोट कुटं व्हती माज्याकडं?" मालनबाई म्हणाली. "वाळूत हुबी ऱ्हा म्हनलास, ऱ्हायले. वाळू खरी व्हती. पर जे न्हाईच ते गेलं म्हनून आंगटा न्हाई द्यायची मी."

बुद्धभूषणनं पुष्कळ विनवलं. बाई ढिम्म हलली नाही. तिचा अर्ज 'नुकसान आढळून आले नाही' या शेऱ्यानं बंद झाला.

पण गाव किनारी झाल्याची बातमी फुटायची ती फुटलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धभूषण उठला तेव्हा दारात रांग होती. गेल्या वादळात कोरडवाडीच्या एकशे नव्वद घरांच्या मिळून दोनशे चौदा बोटी वाहून गेल्या होत्या. एकट्या लिंगराजअप्पांच्या सात होत्या, गटनंबरागणिक एक.

"अप्पा, तुमच्या घरात अंडं शिजत न्हाई," बुद्धभूषण म्हणाला. "तुमी मासेमारी कवा केली?"

अप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "आमी खात न्हाई, हे खरं हाय. पण धरायला कोण न्हाई म्हणतंय? ग्रामसभेचा ठराव हाय बघा, गावात पूर्वापार मासेमारी चालत आली. तुमी सही करा. आता एकाची बोट कापली तर सगळ्यांची कापावी लागेल, अन् मग समुद्र कुठून आला ते बी सांगावं लागेल."

बुद्धभूषणनं सही केली. चार लिहिणाऱ्या माणसाला दोनशे चौदा नाकारायला तोंड उरत नाही, हे त्याला त्या सकाळी कळलं.

किनारी गाव झालं की त्याचे नियम आपोआप लागू होतात. पावसाळी मासेमारीबंदीचं पत्र आलं. गटनंबर एकसष्टच्या पुढं समुद्र असल्यानं तिकडं दोन महिने कुणी जाऊ नये, असं त्यात होतं. त्या गटनंबरापुढं चाळीस जणांची शेती होती. एक पोलिस येऊन बांधावर लाल झेंडा रोवून गेला. पेरणी करायची तर लाइफ जॅकेट घालून करावी, अशी तोंडी सवलत मिळाली. शाळेतल्या पोरांना त्सुनामीची रंगीत तालीम दिली. पोरं पळून मारुतीच्या पारावर चढली आणि दप्तरं विसरली. गाव सगळं सोसत होतं. बोट येणार म्हटल्यावर माणूस थोडं सोसतो.

मृगाला दोन दिवस होते तेव्हा ट्रक आले. एकामागं एक, प्रत्येक ट्रकवर एकात एक रचलेल्या फायबरच्या बोटी. हलगी वाजली. अप्पांनी पहिल्या बोटीला हळदकुंकू लावून नारळ फोडला. बुद्धभूषण यादी घेऊन उभा होता. पुढच्या ट्रकचा चालक पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस होता. तो बराच वेळ इकडंतिकडं बघत राहिला.

"साहेब, समुद्र कुठल्या बाजूला?"

बुद्धभूषणनं कागदात डोकं घातलं. "तुमचं गाव कोणतं?"

ट्रकवाल्यानं त्या वादळाच्या शहराचं नाव सांगितलं. "मी मासेमारी करतो. करायचो. माझी बोट वादळानं बाजाराच्या छपरावर नेऊन टाकली, दोन तुकडे झाले. आता हा ट्रक चालवतो."

"मग तुमाला बोट मिळाली असेल की."

"कुठली मिळतेय? पंधरा दिवस वीज नव्हती. आली तेव्हा आमच्या तलाठीबाई अर्ज भरायला बसल्या. समुद्रापासून अंतर किती? वादळात पाणी घरात होतं, कमरेइतकं. त्यांनी खरं ते लिहिलं, शून्य. ॲप म्हणालं, शून्य चालत नाही. वर कळवलं. वरून उत्तर आलं, तुमच्या इथं समुद्र असल्याची नोंद नाही. मुदत संपली, आमचं नुकसान निरंक लागलं. आमच्या वाटणीच्या बोटी, म्हणाले, जास्त नुकसान झालेल्या गावाला गेल्या." त्यानं बोटींकडं बघितलं. "त्या पोचवायचं भाडं मला लागलं, एवढं बरं झालं."

बुद्धभूषणला शरम वाटली. "एक बोट घेऊन जा," तो म्हणाला. "दहा घेऊन जा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

"पोच तुमच्या गावाच्या नावाची आहे, साहेब. परत नेली तर चोरी धरतील. मला अजून ट्रक चालवायचाय."

संध्याकाळपर्यंत बोटी वाटून झाल्या. कुणी तिच्यात कडबा भरला, कुणी म्हशीला पाणी ठेवलं, अप्पांनी आपली एक बोट मानवतच्या व्यापाऱ्याकडं सरकी ठेवायला पाठवून दिली. यादीत शेवटचं नाव उरलं आणि ते खुद्द बुद्धभूषणचं निघालं. गावानं कृतज्ञता म्हणून त्याची एक बोट वाहून नेली होती. त्यानं ते नाव दोनदा वाचलं. मग तो ट्रकवाल्याला म्हणाला, "जरा हात लावता का?"

दोघांनी आणि आठ-दहा पोरांनी ती बोट मालनबाईच्या घराकडं नेली आणि भिंतींवर पालथी घातली. ट्रकवाल्यानं चारी बाजूंनी दोर आवळले. त्या गाठी कोरडवाडीत कुणाला येत नव्हत्या. बोट खोलीपेक्षा हातभर मोठी होती, तिची पुढं वळचण झाली. मालनबाई आत जाऊन वर बघत राहिली.

"ही माजी न्हाई हां," ती म्हणाली.

"माझी बी न्हाई, मावशी. ज्याची हाय त्यानंच बांधलीय."

तिनं ट्रकवाल्याला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. मृग वेळेवर लागला, पहिल्याच दिवशी धो धो कोसळला आणि मालनबाईच्या घरात थेंब गळला नाही.

आठवड्यानं तपासणीचं पथक आलं. त्यांनी वरून ड्रोन फिरवला, खालच्या घराचं नाव घरपट्टीच्या वहीतून उतरवलं आणि शेरा मारून गेले. पत्र महारुद्र साहेबांच्या हाती आलं. त्यांनी बुद्धभूषणला बोलावून वाचून दाखवलं: कोरडवाडीच्या समुद्रात एक बोट उलटलेली आढळली. बोटीखालील मालनबाई नामक महिला बेपत्ता असून शोधकार्य थांबवण्यात आले आहे. रेशनकार्डावरील नाव कमी करावे.

"साहेब, ती बाई ठणठणीत हाय. बोटीखाली भाकऱ्या थापायलीय."

"असेल. पण बोट उलटी असंपर्यंत खालचा माणूस वाचला अशी नोंद घेता येत न्हाई. बोट सरळ करा, फोटो पाठवा, बाई जिवंत होईल."

बुद्धभूषण पावसात भिजत मालनबाईकडं गेला आणि सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसलेली होती. वर बोटीच्या तळावर पाऊस वाजत होता.

"सरळ केली तर काय व्हईल?"

"तुमी जित्या व्हाल. घर गळंल."

मालनबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग ऱ्हाऊ दे, लेकरा," ती म्हणाली. "मेलेलीच बरी हाय मी. कोरडी तरी हाय."

रेशन बंद झालं. बुद्धभूषण दर महिन्याला आपल्या घरचे गहू तिला नेऊन देतो आणि ते कुठंही लिहीत नाही. ट्रकवाल्याचं शहर अजून निरंकच आहे. कोरडवाडीच्या शेजारच्या चार गावांनी मात्र ठराव घेतलेत, आणि राणीसावरगावच्या बाजूला परवा काही लोक टेप घेऊन समुद्र मोजताना दिसले.

हे सगळं वाचून आपल्याला कोरडवाडीचं हसू आलं असेल, मालनबाईचं वाईट वाटलं असेल. दोन्ही योग्यच आहे. तर आता शेवटचा प्रश्न: आपल्या गावापासून समुद्र किती लांब आहे? सावकाश सांगा. दुसऱ्या टप्प्याचे अर्ज सोमवारपासून सुरू होणार आहेत, आणि अर्ज नेमका कोणत्या खिडकीवर मिळतो हे आपण मघापासून विचारायचं म्हणताय.