हाज्जाची बदकं आणि कुटुंबप्रमुख

"हाज्जा दौलत मघाशीच येऊन गेल्या," शिबलकाका भट्टीच्या खिडकीतून म्हणाले. "कार्ड यंत्रात घातलं, पाच माणसांच्या रोट्या उचलल्या आणि गेल्या."

"त्या पाचांतली तीन माणसं म्हणजे मी आणि माझी पोरं, काका."

"मला ठाऊक आहे गं. यंत्राला कोण सांगणार?"

इन्साफने रिकामी टोपली काखेत मारली. रांगेतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या, म्हणून तिने मान आणखी ताठ केली. काडीमोड होऊन दोन महिने झाले होते. वाटणीत तिच्याकडे दोन पोरं, शिवणयंत्र आणि न्यायाधीशाने ठरवून दिलेली पोटगी आली. पोटगी अजून वाटेतच होती. रिफअतकडे त्याची आई, त्याची टुकटुक रिक्षा आणि घराचं रेशनकार्ड राहिलं. त्या कार्डावर माणशी रोज पाच रोट्या नावापुरत्या पैशांत मिळत, आणि पाचही जणांची नावं अजून त्या एकाच कार्डावर होती. कार्ड मात्र सासूबाईंच्या, म्हणजे हज करून आलेल्या हाज्जा दौलतच्या, पदराआड.

बरं, मायलेक मिळून एवढ्या रोट्या खाणार तरी कशा? ते खात नव्हतेच. हाज्जा दौलतने गच्चीवर बदकं पाळली होती.

"आई, आजीची बदकं इतकी जाड झालीत की त्यांना जिना उतरवत नाही," नादिर परवाच सांगत होता. आठ वर्षांच्या पोराला त्यात गंमत वाटत होती. इन्साफ मात्र त्या रात्री जेवलीच नाही. पोरांच्या तोंडचा घास बदकांच्या चोचीत जातोय, हे तिला सहन होईना. आणि तिकडे रिफअत कॉफीच्या दुकानात पाय पसरून सांगत होता, "थांबा थोडं. रोटीला महाग झाली की येईल परत नाक घासत."

हे कानावर आलं आणि इन्साफने ठरवलं, नाक तर घासायचं नाहीच, पण रोटीही सोडायची नाही.

ती रेशन कचेरीत गेली. खिडकीमागे अफकारबाई चहाचा पेला धरून बसल्या होत्या. इन्साफने काडीमोडाचा दाखला पुढे सरकवला.

"मला आणि माझ्या पोरांना वेगळं कार्ड हवंय."

"कुटुंबप्रमुखाला घेऊन या," अफकारबाई दाखल्याकडे न बघता म्हणाल्या.

"त्यालाच तर सोडलंय मी."

"सोडलंय ते खरं. पण जुन्या कार्डावरून तुमचं नाव काढायला त्याची सही लागते."

"तो सही देणारा असता तर मी त्याला सोडलं असतं का, बाई?"

अफकारबाईंनी चहाचा घोट घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दुसऱ्या खेपेलाही हेच झालं. तिसऱ्या खेपेला इन्साफ कारखान्यातून आणलेलं बटणं लावायचं काम घेऊनच गेली. खिडकीसमोरच्या बाकावर शर्टांचा ढीग मांडला, सुईत दोरा ओवला आणि बसली.

"हे काय चाललंय?" अफकारबाईंनी विचारलं.

"घरी बसून करायचं ते इथे करतेय. कार्ड मिळालं की उठते."

दुपारपर्यंत अर्धी कचेरी तिच्या बाजूने झाली. एका म्हाताऱ्याने तर आपल्या कोटाचं तुटलेलं बटणही लावून घेतलं. अफकारबाईंचा डबा गार झाला आणि डोकं गरम झालं. त्या संगणकावर तुटून पडल्या. संगणक नवं कार्ड देईना, कारण जुन्यावर नाव होतं. जुन्यावरून नाव काढेना, कारण प्रमुखाची सही नव्हती. शेवटी चिडून त्यांनी भलतंच बटण दाबलं. प्रमुख बदलायचा का, असं संगणकाने विचारलं. त्या हो म्हणाल्या. संगणकही हो म्हणाला.

"घ्या," अफकारबाई घाम पुसत म्हणाल्या, "आता तुम्हीच कुटुंबप्रमुख. कार्ड तुमच्या नावाने येईल, जुनं बंद होईल."

"आणि माझा नवरा? म्हणजे जो होता तो?"

"तो आणि त्याची आई तुमच्या कार्डावरचे सदस्य. त्यांना काढायचं तर वेगळा अर्ज. आज नाही हं, मी जेवायला चालले."

इन्साफला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसापासून सुटायला तिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तो आता तिच्या आश्रितांच्या यादीत येऊन बसला होता, आईसकट.

नवं कार्ड हातात पडलं त्या सकाळी ती भट्टीवर पोचली, तेव्हा हाज्जा दौलत खिडकीशी शिबलकाकांशी भांडत होत्या.

"यंत्र बिघडलंय तुझं. काल चालत होतं."

"यंत्र बरं आहे, हाज्जा. तुमचं कार्ड बंद पडलंय."

इन्साफने आपलं कार्ड पुढे केलं. पंचवीस गरम रोट्या टोपलीत पडल्या. तिने त्यातल्या दहा मोजून हाज्जाच्या फडक्यावर ठेवल्या.

"या पाच तुमच्या, या पाच तुमच्या लेकाच्या. बदकांची नावं कार्डावर नाहीत."

हाज्जाने रांगेकडे पाहिलं आणि फडक्याची गाठ मारली. दहा रोट्यांचं गाठोडं घेऊन त्या घरी गेल्या. दुपारी गच्चीवर बदकांनी असा ओरडा केला, की शेजारणी काय झालं म्हणून बघायला आल्या.

संध्याकाळी रिफअत दारात उभा.

"हा काय चावटपणा आहे? माझी रोटी तुझ्या हातून घ्यायची मी?"

"नको घेऊस. सकाळी लवकर ये आणि भट्टीवर माझ्यामागे उभा राहा. तुझ्या पाच मी तिथेच देईन."

"मी उद्याच कचेरीत जाऊन हे मोडून टाकतो."

"जा की. पहिल्या खिडकीत अफकारबाई बसतात. चहा पीत असल्या तर थांब जरा."

दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि दोन तासांत हात हलवत परत आला. अफकारबाईंनी त्याचा अर्ज वाचलाही नव्हता. कार्डाचा आकडा बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "कुटुंबप्रमुखाला घेऊन या."

ही बातमी कॉफीच्या दुकानात त्याच्याआधी पोचली. तो आत शिरला की कुणीतरी विचारी, "काय रिफअत, प्रमुखबाईंनी आज रोटी दिली का रे? की रागावल्यात?" चार दिवस त्याने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी दुकान बदललं, तर तिथल्या पोऱ्यानेही तेच विचारलं.

शेवटी तो पुन्हा इन्साफच्या दारात आला. या वेळी दार वाजवून.

"चल ना गं एकदा कचेरीत. एक सही तर आहे."

"अडवलेली पोटगी आण, दुसऱ्या दिवशी येते."

"माझी कमाई नाही, हे कोर्टाला सांगितलंय मी."

"कोर्टाला सांगितलंस. टुकटुकवर नवी गादी आणि दिवे लावलेस ते मी बघितलंय."

इन्साफने दार लावलं नाही आणि आत ये असंही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पैसे आणून दिले. तिने ते त्याच्यासमोर मोजले आणि पोरांच्या शाळेची फी बाजूला काढली. मग डोक्यावरचा रुमाल नीट बांधून ती निघाली. हाज्जा दौलतही आल्या होत्या. सगळे रिफअतच्याच टुकटुकमधून गेले.

"कुटुंबप्रमुख कोण?" अफकारबाईंनी विचारलं.

रिफअत सवयीने पुढे झाला. अफकारबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मागे सरकला.

"मी," इन्साफ म्हणाली. हा एक शब्द बोलताना तिला इतकं बरं वाटलं, की तो पुन्हा एकदा म्हणावासा वाटला.

"दोघांची नावं काढायची ना? त्याचं आणि त्याच्या आईचं?"

"हो," रिफअत म्हणाला.

"त्याचं काढा," मागून हाज्जा दौलत म्हणाल्या. "माझं राहू द्या."

रिफअत गर्रकन वळला. "अम्मा, काय बोलतेस तू?"

"शुद्धीवर आहे मी. तू उठतोस दुपारी, तोवर भट्टी बंद. उद्या नवी बायको आणशील, ती कार्ड माझ्या हाती देणार आहे होय? हिचा माझ्यावर एवढा दात, तरी हिने एक दिवस एक रोटी कमी दिली नाही. नातवंडंही हिच्याकडेच. मी हिच्या कार्डावर राहणार."

"सदस्याच्या इच्छेने भागत नाही," अफकारबाई म्हणाल्या. "प्रमुखाची संमती लागते."

सगळी रांग इन्साफकडे बघू लागली. दोन महिने तिने पोरांना उसन्या रोट्या खाऊ घातल्या होत्या, त्या सगळ्या तिला आठवल्या. तिला राग आला, खरंच आला. पण आपल्याशी भांडणारी ही म्हातारी आता कुठल्या आधाराच्या शोधात आहे, तेही तिला दिसत होतं.

"बदकांना रोटी मिळणार नाही," ती म्हणाली.

"कोंडा घालीन."

"ईदला एक बदक पोरांसाठी."

"दोन घे."

"कोणती दोन, ते मी ठरवणार."

"तूच ठरव बाई," हाज्जा दौलत म्हणाल्या. "प्रमुख तू."

अफकारबाईंनी शिक्का मारला. रिफअतने खिडकीत मान घातली.

"आणि माझं नवं कार्ड?"

"तुम्ही आता एकटे माणूस. अर्ज करा, क्रमाने मिळेल," अफकारबाई म्हणाल्या आणि चहाचा पेला उचलला. "तोवर बाजारभावाने घ्या."

इन्साफ आणि हाज्जा दौलत बाहेर येऊन टुकटुकमध्ये मागे बसल्या आणि रिफअत कधी येतोय याची वाट बघू लागल्या. भट्टी बंद व्हायच्या आत त्यांना पोचायचं होतं.