आवतन कोनले ऱ्हायनं?

टीव्हीवर कुठल्याही दोन देशांची लढाई जुंपली, की आमचे शेजारी भटू नाना एकच विचारतात, "आवतन कोनले ऱ्हायनं?" म्हणजे, आमंत्रण कुणाला द्यायचं राहिलं?

पिंप्राळ्यात त्यांची नि आमची भिंत एकच. नाना मूळचे साक्रीकडचे, वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. मी शाळेत इतिहास शिकवतो. साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार ही महायुद्धाची कारणं मी झोपेतही सांगतो, असं बायको म्हणते. एकदा ती कारणं नानांना ऐकवली.

"सर, तुम्हनं बठ्ठं पुस्तक खोटं शे," नाना म्हणाले. "तोफना गोळा आपोआप नही उडस. कोनले तरी पंगतमा बलावानं ऱ्हाई जास, मंग उडस."

बायकोनं लगेच मान डोलावली. माझ्या कारणांना तिनं कधी डोलावली नव्हती.

नानांची स्वतःचीही लढाई चालू होती. धुळ्याला मुलानं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण मोबाइलवर पाठवलं. सगळ्या नातेवाइकांना एकदम, त्यातच बापाला. हळदकुंकू नाही, अक्षता नाहीत, दारात माणूस नाही. नानांच्या मते ते आवतनच नव्हतं, म्हणून ते गेले नाहीत. मुलाला वाटलं, बापानं मुद्दाम तोंड फिरवलं. दोघांचं बोलणं बंद झालं. मी मोठ्या उत्साहानं तह करायला गेलो, तर नानांनी माझ्याशीही अबोला धरला. युद्ध असंच पसरतं, एवढं मात्र पुस्तकात बरोबर आहे.

यंदा थंडी पडली, भरताची वांगी आली. नानांच्या अंगणात दरवर्षी भरीत होतं. सकाळी ते हळदकुंकवाचा करंडा नि अक्षता घेऊन दारात आले. तह झाला म्हणून मी कपाळ पुढे केलं.

"तुम्हले नही. फोन काढा."

मुलासाठी त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, रविवारी भरीत आहे, सगळ्यांनी यावं. पाठवणार, तोच त्यांनी माझा हात धरला. बोटानं फोनच्या काचेवर हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या.

"कोरडं आवतन काय कामनं?"

अक्षता सांडू न देता मी निरोप पाठवला.

"बठ्ठं पोचनं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळं पोचलं, नाना."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगाच होता. नानांनी दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. मुलाचं ऐकून घेतलं.

"आठे थंडी शे," शेवटी ते म्हणाले. "पोरेसले स्वेटर घालीसन लई ये."

फोन परत दिला तेव्हा त्यांचा कान आणि गाल कुंकवानं लाल झाले होते.