पोथीत नसलेला सखाराम

राम वनवासाला निघाला की देवळातल्या बायका पदर डोळ्यांना लावत. मी वाचता वाचता थांबे. मग त्या शांततेत आमचा पुंजाजी विचारी, "हे सारं ठीक हाय. पन त्या दिवशी गाई कोनं दोयल्या?"

पुंजाजी माझा धाकटा भाऊ. इंझोरीत आमच्या मारुतीच्या देवळात श्रावणभर रामायणाची पोथी लागते. एकानं ओव्या वाचायच्या आणि दुसऱ्यानं त्यांचा अर्थ सांगायचा, अशी रीत. वाचणारा मी, सांगणारा पुंजाजी. तरुणपणी मी घरदार सोडून डोंगरातल्या एका आश्रमशाळेत बारा वर्षं नुसत्या जेवणावर शिकवलं, म्हणून गाव मला 'त्यागी गुरुजी' म्हणतं. त्या बारा वर्षांत पुंजाजीनं भाजीचा मळा सांभाळला आणि दम्यानं बेजार झालेली आमची मायही. त्याचं लग्न त्यातच राहून गेलं. गाव त्याला पुंजाजीच म्हणतं.

त्यागाचं नाव निघालं की त्याची चौकशी सुरू. कुणी एकादशी धरली तर हा विचारणार, "साबुदाना कोनं भिजवला?" शेजारच्या गणपतरावांनी श्रावणात चहा सोडला, तर हा सकाळीच त्यांच्या दारात हजर.

"वैनी, यायनं चाय सोडला, चांगलं केलं. पन यायची चिडचिड कोनाच्या वाट्याले आली?"

"माह्याच!" वहिनी आतून ओरडल्या. "भाऊजी, मी तुमच्या पाया पडतो, त्यायले चाय घ्याले सांगा!"

त्याची खरी करामत मात्र देवळात. भरतानं पादुका सिंहासनावर ठेवल्या, एवढं मी वाचलं की पुंजाजी मांडी बदलून बसे.

"चौदा साल पादुका ठेवल्या. मंग त्यायच्यावरची धूळ कोन पुसे? भरत त गावाबाहेर जाऊन बसला. तं तिथं एक सखाराम नावाचा मानूस होता."

"हे पोथीत नाही," मी हळूच म्हणे.

"तू वाचत राय, दादा. मी सांगून राह्यलो ना."

हा सखाराम रोज पहाटे उठे, धोतराच्या सोग्यानं पादुका पुसे, आणि पुसताना त्यांना गावातली खबरबात सांगे. आज पाऊस झाला. आज शिंप्याच्या घरी पोरगी झाली. पुंजाजीचा आवाज असा संथ की ऐकताना डोळे जड होत. बाहेर तुरीच्या ओळी संपतात तिथूनच अयोध्या सुरू होते, आणि त्या ओलसर धुक्यातून धोतराचा सोगा हातात धरलेला कुणी माणूस चालत येतो आहे, असं वाटे. मलाही वाटे. म्हाताऱ्या सरूबाईला तर वाट्टेल तिथं सखाराम दिसे. "काल माह्या सपनात आल्ता. वाळला बिचारा," म्हणायची.

मला मात्र त्यात टोमणा ऐकू येई. मागे राहून धूळ पुसणारा सखाराम म्हणजे पुंजाजी स्वतःच, आणि निघून गेलेला मी, हे सगळ्या गावाला कळत असणार असं वाटून वाचताना माझी ओळ चुके. शेवटी मी पंचांना म्हणालो, हा पोथीत नसलेलं सांगतो, आपल्याला पाप लागेल. त्यागी गुरुजींचा शब्द. पंचांना तो मोडवला नाही. पुंजाजीला मी सांगितलं की पंचांना शहरातले शास्त्रीबुवा हवे आहेत. गावाला सांगितलं की पुंजाजीचा गळा बसला, तो स्वतःच नको म्हणाला. त्याचा गळा ठणठणीत होता. मळ्यातून बैलाला हाक मारी ती देवळात ऐकू येई.

शास्त्रीबुवा आले. पहिल्याच दिवशी सरूबाईनं त्यांना विचारलं, "बुवा, सखाराम बरा हाय ना?" बुवांनी पोथी पुढून मागून चाळली. चार दिवसांनी निम्म्या बायका येईनाशा झाल्या.

मी सांगितलं तेव्हा पुंजाजी "बरं हाय" एवढंच म्हणाला होता. पुढची सात वर्षं तो देवळाची पायरी चढला नाही.

यंदा माझी छाती दोनदा दुखली. वाटलं, हे खोटं मनात घेऊन जाऊ नये. परवा दुपारी मळ्यात गेलो. ऊन सायीसारखं पसरलं होतं आणि तो भेंडी तोडत होता.

"पुंजा, तुला पंचांनी नाही, मी उठवलं देवळातून."

"मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. पंचायले त सखाराम आवडे."

"मग बोलला का नाहीस?"

"तुले तरास होऊन राह्यला होता ना. वाचता वाचता तुह्यं तोंड उतरे."

"सखाराम म्हणजे तूच ना?"

तो मोठ्यानं हसला. "मी? अरे, माह्या घरात जाऊन पाह्य केवढी धूळ हाय! मी सखाराम नोहो. रामाच्या मांगं मांगं लोक गेले होते ना, तमसेच्या काठापर्यंत? रातच्याले झोपले अन् रथ निघून गेला? त्यायच्यातला मी."

त्यानं पुढची भेंडी तोडली. "तू गेला त्या दिशी मी फाट्यावर आल्तो. पिशवीत दोन सदरे होते. मायनंच भाकर बांधून देली. म्हने, जाय त्याच्यासंगं, मी पाहून घेईन माह्यं. एसटीले टाइम होता. लिंबाखाली बसलो अन् डोया लागला."

आता हेही लिहून टाकतो. मी त्याला त्या लिंबाखाली पाहिला होता. पिशवीही पाहिली. उठवला असता तर तो आलाच असता, आणि आजारी मायला एकटी टाकून दोघं कसे गेलो असतो? मला राहावं लागलं असतं. थंडी होती म्हणून माझी शाल त्याच्या अंगावर टाकली आणि एसटीत चढलो.

"मी पाहिलं होतं तुला," मी म्हणालो.

"हो. शाल तुह्यीच होती ना," पुंजाजी म्हणाला, आणि भेंडीची टोपली माझ्या हातात दिली. "धर जरा. तोडाची राह्यली हाय अजून."

संध्याकाळी तो माझ्याबरोबर देवळात आला. पोथी उघडण्याआधी मी उभा राहिलो आणि गावाला सगळं सांगितलं. गळ्याचं खोटं, आणि फाट्यावरचंही. मग मी खाली बसलो. पंचांनी पुंजाजीला त्याच्या जुन्या जागी बसवलं.

मी वाचू लागलो. लोक नदीकाठी झोपले आणि रथ निघून गेला, इथपर्यंत आलो आणि थांबलो. सगळं देऊळ पुंजाजीकडे पाहू लागलं. सरूबाई पुढे सरकून बसली.

पुंजाजी मांडी बदलून बसला.

"लय चालले होते लोक," तो म्हणाला. "दमले होते. झोपू द्या त्यायले."

मला पुढची ओवी दिसेना. तेव्हा पुंजाजीनं हात लांब केला आणि माझ्यापुढचं पान उलटलं.