काकांच्या मोटारीचे बुश

शांतारामकाकांना डावीकडे वळायचं असलं, की ते पानाच्या टपरीपासूनच चाक फिरवायला घेत. वळण पुढे बरंच लांब. "आधी मोटारीच्या कानावर घालायचं," ते म्हणत, "मग ती इचार करते, मग वळते." स्टेअरिंगचे बुश, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्या, पार झिजले होते, दुसरं काय! मागून कुणी हॉर्न मारला, तर काका खिडकीतून मुंडकं काढून विचारत, "घाई कोनले शे?"

काका सुरतेच्या गोडादऱ्यात आमचे शेजारी, बोली खानदेशची अहिराणी. लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे मेस्त्री. कुणा शेठच्या वाडीत पडलेली, कोंबड्या बसायच्या अशी इंग्रजांच्या काळातली मोटार त्यांनी ओढून आणून चालती केली होती. घरात एकटेच. स्वैपाक एकवेळचा, मोटार पुसणं दोनवेळचं.

माझ्या बहिणीचं, सुनंदाचं लग्न ठरलं. नवरा हायवेवरच्या चलथाणच्या साखर कारखान्यात, राहणं तिथल्याच चाळीत. आम्हाला वडील नव्हते. काकांनी परस्पर जाहीर करून टाकलं, "नवरी मनी मोटारमा जाई." नवरी त्यांच्या मोटारीतून जाणार म्हटल्यावर आई मला म्हणाली, "तूच सांग त्यांना." हायवेवरचे ट्रक कुणाला इचार करायला वेळ देतात होय? शेवटी मीच हात जोडले, "काका, निदान बुश तरी बदला."

काकांनी नवे रबरी बुश आणले आणि जॉबरच्या सवयीनं रात्रभर तेलात मुरत घातले! मागावर सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला टोला देणारा चामड्याचा पिकर असतो, तो तेलात मुरवल्याशिवाय कुणी लावत नाही. पण चामडं तेलानं चिवट होतं, रबर फुगतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बघतो, तर डब्यात बुश कसले, भजी! दुकानात दुसरे नव्हते. आई रडकुंडीला आली. काका स्वतःलाच शिव्या देत कारखान्यात गेले, मुरलेले पिकर घेऊन आले, त्यांचेच बुश कोरले आणि मोटारीखाली शिरले. जेवायला हाक मारली, तर नुसते पाय हलले.

पाठवणीला मी पुढे बसलो, देवाचं नाव घेत. आणि काय सांगू! चाक फिरवलं की मोटार लगेच वळायची. काकाच दचकले. पहिल्याच वळणावर त्यांनी सवयीनं आधीच चाक फिरवलं आणि आम्ही केळीवाल्याच्या गाडीत घुसणार होतो.

चलथाणला सुनंदा उतरली, तेव्हा काका म्हणाले, "पोरी, आखाजीले तुले लेवाले मी येसू." आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया; सासरच्या लेकीला तेव्हा माहेरी आणतात.

परतताना मी म्हटलं, "काका, आखाजीला मी आणली असती की तिला."

काकांनी मोटार हळू केली. मग सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक, कमल. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तिनं निरोप धाडला होता, मला घ्यायला या. काकांची डबल पाळी होती. त्यांनी उलटा निरोप दिला, पुढच्या वर्षी येतो. त्याच पावसाळ्यात कमल तापानं गेली.

आखाजीला उजाडताच काका साखर कारखान्याच्या फाटकावर हजर! सुनंदा पिशवी घेऊन आली, तेव्हा वॉचमन त्यांना विचारत होता, "आप कौन?"

"लडकी का बाप," काका म्हणाले.

घरी आल्यावर सुनंदानं हे आईला सांगितलं. आईनं आमरसाची पहिली वाटी काकांपुढे ठेवली, पदर सारखा केला आणि त्यांच्या पाया पडली.