राजश्री जानू पाणीवाले यांच्या हजेरीचे प्रकरण

शके एकोणीसशे सहा, वैशाखमासी, बोईसरनजीकच्या एका ग्रामपंचायतीवर जे घोर संकट गुदरले, ते जैसे घडले तैसे लिहितो. कमीजास्ती क्षमा असावी.

पंचायतीचे पदरी राजश्री जानू म्हणोन पाणी सोडणारे होते. मूळ मुरबे गावचे. दिवसभर टाकीवर उभे राहून कामकऱ्यांच्या सात चाळींस आळीपाळीने पाणी पोहोचवावे, ऐसी चाकरी नऊ वर्षे केली, परंतु कायम जाहले नव्हते. जुना व्हॉल्व्ह तयांवाचून कोणाचे हातास वश होत नसे.

ते साली वरून कामगिरी-मूल्यमापनाचा छापील तक्ता उतरला आणि विस्तार अधिकारी चंद्रभानराव तो घेऊन, जीपगाडीत स्वार होऊन दाखल जाहले. मग ग्रामसेवक आत्मारामपंतांनी चहा-बिस्किटांचा नजराणा गुजराणिला आणि तक्ता उघडला. पहिला रकाना 'कार्यालयातील उपस्थिती'. जानू कार्यालयात कधीच दिसले नव्हते, सबब शेरा 'असमाधानकारक', आणि ऐसा शेरा पडेल तयास चाकरीतून दूर करावे, हा दंडक.

जानू हात जोडून बोलले, "सायेब, आमी टाकीवर असतो. पाणी हापिसात नाय."

साहेबांनी कृपावंत होऊन फर्माविले की, तीन रोज कार्यालयात हजर राहून दाखवावे, म्हणजे शेरा बदलेल.

मग जानू धुतला सदरा घालून बाकावर बसले आणि व्हॉल्व्हची किल्ली मांडीवर धरोन घड्याळाकडे पाहते जाहले. हजेरी उत्तम पडली. तिकडे नळ कोरडे पडले, पोरे पारोशी राहिली, चाळींत एकच आकांत जाहला. तिसरे रोजी बन्सी फिटर यांचे कुटुंब रंभाबाई यांनी पन्नास हंड्यांचे दळ घेऊन कचेरीस वेढा दिला आणि चंद्रभानरावांस खुर्चीतच कोंडिले.

"सायेब, ह्यो हितं बसल्यावर पानी सोडायचं कुनी? तुमी?" रंभाबाई गर्जल्या.

साहेबांनी आत्मारामपंतांकडे पाहिले, पंतांनी पंख्याकडे पाहिले. साहेबांस घसा ओला करावासा वाटला आणि माठ कलंडिला, तो थेंब निघेना. मग मात्र तह जाहला. जानू किल्ली घेऊन टाकीकडे धावले आणि हंडे तयांचे मागे धावले.

चंद्रभानरावांनी स्वदस्तुरे शेरा लिहून सही-शिक्का केला. ही फत्ते पंचायतीचे दप्तरी नमूद आहे, ती येणेप्रमाणे: 'सदर कर्मचारी कार्यालयात अजिबात सापडत नाही, सबब त्यास कायम करण्यात यावे.'