मोफत, चालणारी आणि सामान्य पुरुषांसाठी

फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कोणाकडे करायची, हा मानवजातीपुढचा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. प्रेम याच वर्गात मोडते. त्यामुळे प्रेम मोफत उपलब्ध करून देणाऱ्या संकेतस्थळांचे काम किती जोखमीचे आहे, हे सुजाण नागरिकांनी समजून घेतले पाहिजे. आम्ही ते एका चष्मेवाल्याकडून समजून घेतले.

हा चष्मेवाला एका दुकानात नोकरीला होता. मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. त्याचे स्वतःचे डोळे ठणठणीत होते. वय चाळिशीच्या अलीकडे, केस बऱ्यापैकी, स्वभाव सरळ, आवाज असा की फोनवर लोक ‘कोण?’ दोनदा विचारत. थोडक्यात, सामान्य पुरुष. (व्याख्या : समूहाच्या फोटोत ज्याच्यावर बोट ठेवून ‘आणि हा कोण?’ असे विचारले जाते, आणि कोणालाच सांगता येत नाही, तो.)

त्याला लग्नाची घाई नव्हती. ती त्याच्या ताईला होती.

“अरे, माझ्या नणंदेच्या दिराचंसुद्धा ऑनलाइन जमलं,” ती फोनवर म्हणाली. “आणि त्याला धड शिंकताही येत नाही.”

“ताई, त्या साइटला पैसे पडतात.”

“मग फुकटातली शोध. चालणारी बघ म्हणजे झालं.”

चष्मेवाल्याला बायको हवी होती असे ठामपणे म्हणता येणार नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर आज काय काय झालं, हे सांगायला त्याला कोणीतरी हवं होतं. झालेलं काही नसे, पण ते सांगायचं राहून जाई.

पहिल्या साइटने नियमानुसार फोटो मागितला : डोंगरावरचा, समुद्रातला किंवा कुत्र्यासोबतचा. डोंगर लांब होता आणि पोहणे येत नव्हते, म्हणून त्याने शेजाऱ्यांचा कुत्रा मागून आणला. प्रतिसाद उदंड आला. बायकांनी कुत्र्याचे वय, खाणे आणि स्वभाव यांची आस्थेने चौकशी केली. एकीने कुत्र्याला भेटायची वेळ मागितली. भेट घडवून आणण्यात आली. ती चांगली झाली. कुत्रा आजही तिच्या संपर्कात आहे.

दुसरी साइट खरोखरच मोफत होती. नाव नोंदवणे मोफत, वाट पाहणे मोफत. फक्त उत्तर पाठवणाऱ्या बायकांचे चेहरे धूसर दिसत आणि ते स्वच्छ करून घ्यायला पैसे पडत. धंद्याच्या सवयीने चष्मेवाल्याने पडद्यासमोर निरनिराळ्या नंबरची भिंगं धरून पाहिली. एका भिंगातून कोणाचा तरी कान दिसल्यासारखा वाटला. कानावरून पुढे जाणे त्याला प्रशस्त वाटेना.

तिसऱ्या साइटवर मात्र मोठ्या अक्षरांत ‘सामान्य पुरुषांसाठी’ असे लिहिले होते. फोटो नको, पगार नको, उंची नको. एकच प्रश्न : आज दिवस कसा गेला? त्याने लिहिले, ‘ठीक.’ लगेच ‘गच्चीवरची’ अशा टोपणनावाच्या एका सभासदाचे उत्तर आले : ‘ठीक म्हणजे काय झालं? आणि जेवलात का?’

तो जेवला नव्हता. तिने त्याला आधी जेवायला पाठवले. मग त्याने एका गिऱ्हाइकाची हकीकत सांगितली : नवा चष्मा घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला, आणि ‘यातून बायको वेगळीच दिसते, नंबर कमी करा’ म्हणून हटून बसला. तिने लिहिले, ‘मग? पुढे?’

‘मग? पुढे?’ असे त्याला आजवर कोणीही म्हटले नव्हते. ताईसुद्धा ‘बरं’ म्हणून पुढचा विषय काढायची. चष्मेवाला तिथल्या तिथे प्रेमात पडला. त्याने घराचे पडदे धुतले. एक महागाचे भिंग हातातून निसटून फुटले, तेव्हा मालकाच्या आधी त्याने तिला कळवले. तिने ‘अरेरे’ लिहिले, आणि त्याला ते भिंग फुटल्याचे समाधान वाटले. ताई फोनवर म्हणाली, “आज तुझा आवाज ओळखू आला मला!”

यथावकाश त्याने भेटीचा विषय काढला. गच्चीवरचीने बरेच आढेवेढे घेतले आणि अखेर होकार दिला. रविवारी दुपारी, पोस्टासमोरच्या चहाच्या हॉटेलात. निळा शर्ट घाला, असेही सुचवले.

चष्मेवाला निळा शर्ट घालून वेळेआधी पोचला. हॉटेलात आणखी आठ पुरुष बसले होते. प्रत्येक जण वेगळ्या टेबलापाशी, दाराकडे तोंड करून, निळ्या शर्टात. दार उघडले की सगळे अर्धवट उठत आणि बसत.

“बिल कंपनीच्या नावाने करू का?” वेटरने अदबीने विचारले.

एवढ्यात एक जाडजूड, झुपकेदार मिशांचा गृहस्थ आत आला आणि घसा खाकरून म्हणाला, “मीच गच्चीवरची.”

अशा प्रसंगी काय करावे याबद्दल शिष्टाचाराची पुस्तके गप्प आहेत. नऊ निळे शर्ट अर्धवट उठले आणि बसले. मिशीवाल्याने कैफियत मांडली : साइटवर बाईमाणूस कोणी येत नाही, म्हणून मालकांनी त्याला पगारावर ‘स्त्री विभाग’ म्हणून नेमले होते. गच्ची मात्र खरी होती. तो तिथे बसूनच लिहायचा.

“मग इथे मरायला कशाला बोलावलंस?” बस चालवणारा निळा शर्ट बाह्या सरसावत म्हणाला.

“तुम्ही सगळे भेटा भेटा म्हणायला लागलात. मला कोणाला नाही म्हणता येत नाही हो,” मिशीवाला म्हणाला. “म्हटलं, एकदाच सगळ्यांचा मार खाऊन टाकू.”

चष्मेवाला उठला. “माझं भिंग फुटलं तेव्हा अरेरे म्हणालात,” त्याने विचारले, “ते खरं होतं का?”

“खरंच वाईट वाटलं होतं. मालकाची बोलणी तर नाही ना खावी लागली?”

बस चालवणाऱ्याने बाह्या खाली केल्या. कोपऱ्यातल्या शिंप्याने घाबऱ्या घाबऱ्या विचारले, “म्हणजे आता तुम्ही बंद करणार की काय?”

यावर जी चर्चा झाली, तिचा गोषवारा असा : सेवा पूर्ववत चालू ठेवावी, मिशांचा उल्लेख यापुढे कोणी करू नये, आणि ठराव एकमताने मंजूर. (साइटच्या ताज्या पाहणीनुसार समाधानी सभासद शंभर टक्के, जोडीदार मिळालेले शून्य. इतका स्वच्छ निकाल पैसे घेणाऱ्या साइटींनाही साधलेला नाही.)

सगळे पांगले. चष्मेवाला बिल द्यायला गल्ल्यापाशी गेला. गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, “त्या भिंगाचं तुम्ही छान विचारलंत. कसं फुटलं हो ते?”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गच्चीवरचीचा निरोप होता : ‘नीट घरी पोचलात का?’

“एक मिनिट हं,” चष्मेवाला म्हणाला आणि उत्तर लिहू लागला. सगळे सविस्तर लिहिले. मान वर केली तेव्हा त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देत होत्या. तो थोडा वेळ उभा राहिला. मग घरी गेला.

रात्री ताईचा फोन आला. “जमलं का रे?”

“जमलं.”

“अगं बाई! काय करते?”

“विचारपूस,” चष्मेवाला म्हणाला.

आमच्या अंदाजाप्रमाणे काही पुरुष वाचक या साइटचा पत्ता शोधत, मधला मजकूर गाळून थेट याच परिच्छेदावर आले असतील. त्यांचे स्वागत आहे. पत्ता उघडपणे छापण्यास आम्हाला मनाई आहे. तो फक्त ‘मला नको, एका मित्राला हवाय’ असे सांगणाऱ्यालाच दिला जातो. अर्ज हाताने लिहून द्यावा. ओळीने उभे राहावे. पुढे उभे असलेलेही मित्रासाठीच आले आहेत, त्यांना नावे विचारू नयेत.